शिक्का चावायचा थांबला

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. कराडहून निघाल्याला बावीस तास झाले. कंबरेचा पार भुगा झालाय, पण मन टवटवीत आहे. आजपासून मी, निकिता, सायखेडा शाखा डाकघराची शाखा डाकपाल. पदाचं नाव भारदस्त, ऑफिस मात्र दहा बाय दहाची खोली. एक टेबल, एक लोखंडी पेटी, तारखेचा एक शिक्का आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, आपली न्हाणी याहून मोठी आहे. असू दे. न्हाणीत मला कोणी मॅडम म्हणत नाही.

ऑफिसच्या मागेच घनश्यामभाऊंचं घर. त्यांची मागची खोली मला दिली आहे. भाऊंचा कापूस आणि तूर, बोलणं कमी. त्यांच्या वाटणीचं सगळं कोकिळाकाकू बोलतात. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. सून वर्षावहिनी आणि तिची सहा वर्षांची खुशी इथेच राहतात. धाकटी दीपा, तिचं लग्न ४ डिसेंबरला. म्हणजे मी नेमकी लग्नघरात येऊन पडले.

पहिला तासभर मला वाटलं हे सगळे माझ्यावरून भांडतायत. नंतर कळलं, मला जेवायला काय करायचं ते ठरत होतं. भरीत आणि भाकरी झाली. ठेचा असा की डोळ्यांतून पाणी आलं. काकूंना वाटलं मला घरची आठवण आली, आणि त्यांनी आणखी वाढला.

९ नोव्हेंबर, रविवार

ऑफिस दुपारी एकला संपतं. त्यानंतर करायचं काय, हा मोठा प्रश्न होता. आज सुटला. खुशीने मला हाताला धरून तांड्यावर नेलं. तांडा गावापासून कोसभर. तिथे रामीबाईच्या अंगणात कुत्रीची चार पिल्लं आहेत, दोन महिन्यांची. सगळी एकाच साच्याची, तपकिरी अंग, काळं तोंड. त्यातलं एक थेट माझ्या चपलेवर तुटून पडलं आणि सोडेना. त्याच्या डाव्या कानाचा टोकाचा तुकडा गेलेला. रामीबाई म्हणाली, दिवाळीच्या आधी रानातलं एक जनावर अंगणात शिरलं होतं, त्याने याला कानाला धरलं, आईने सोडवून आणलं. जखम आता भरली आहे. मी म्हटलं, जो जनावराच्या तोंडातून परत येतो तोच आपला. ओढणीत गुंडाळून घेऊन आले.

घनश्यामभाऊंनी पिल्लाकडे पाहिलं, कानाकडे पाहिलं आणि शेतात गेले. काकू म्हणाल्या, लग्नघरात नवीन जीव आला, चांगलंच झालं. खुशी तर त्याच्याजवळून हलायला तयार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नाव ठेवलं शिक्का. कारण दिवसभर तो माझ्या हातापायांवर शिक्केच मारत असतो. त्याचे दात म्हणजे सुया आहेत. सकाळी झाडू मारायला घेतला की झाडूला लटकतो, चालायला लागले की टाचेला, बसले की ओढणीला किंवा बोटांना. ड्रेसची सलवार दोन ठिकाणी फाटली.

माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईने काय करावं? मोबाइल उघडला. सात-आठ व्हिडिओ पाहिले. सार असं की पिल्लं चावतात तो राग नव्हे, खेळ असतो. भावंडांत राहिली असती तर एकमेकांना चावून कुठवर चावायचं हे शिकली असती. आता ती भावंडं आपण व्हायचं. तो चावला की मोठ्याने ओरडायचं, हात ढिला सोडायचा, खेळ बंद करून पाठ फिरवायची. मारायचं अजिबात नाही. हाताने खेळवायचं नाही, चघळायला वस्तू द्यायची. मी जुन्या ओढणीची वेणी घालून तिला गाठी मारून दिल्या.

काकूंची पद्धत वेगळी. हाताला मिरची लाव, एकदा चावला की जन्मात चावणार नाही. मी मान हलवली आणि केलं माझंच. हट्टी म्हणून आमच्या घराण्याचा लौकिक आहे, तो इथवर आणला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गंमत झाली. शिक्क्याने पोटरीला धरलं आणि रक्त आलं. थेंबभरच. काकूंनी पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावून यायचं, म्हणजे विष उतरतं, असं म्हणाल्या. मी हसले तर त्या हसल्या नाहीत. घनश्यामभाऊ तेवढ्यात येऊन म्हणाले की आर्णीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सुईही घेऊन या. मी त्यांना समजावलं. दुधाचे दात आहेत, घरातलं पिल्लू आहे, खेळताना लागलंय. एवढ्याएवढ्याला सुया घ्यायच्या तर महिन्यात माझी चाळणी होईल. मॅडम म्हणतायत म्हटल्यावर भाऊ गोठ्याकडे वळले. इथे मॅडम या शब्दाला नको तितकं वजन आहे.

विहिरींना मात्र गेले, काकूंचं मन मोडवेना. खरं सांगायचं तर फार छान गेली दुपार. काकू पुढे, मी मागे, खुशी उड्या मारत. कापूस फुटलेला, बायका वेचत होत्या, जी ती विचारी कुठे निघाल्या, आणि काकू प्रत्येकीला पोटरीची हकिकत सांगत. सातव्या विहिरीवर मी काठावरून वाकून पाहिलं तर तळाशी आमची तीन डोकी. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाल्या, झालं, आता कायचं भ्या नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रगती आहे. शिक्का आता चावण्याआधी थांबतो, माझ्या तोंडाकडे पाहतो, आणि मग चावतो. हसू नये, ही पहिली पायरी असते असं व्हिडिओत सांगितलंय. जेवण आणि झोप वेळेवर झाली तर दंगा कमी, हे मी स्वतः शोधून काढलं. दमलेलं पिल्लू दमलेल्या पोरासारखंच असतं, जास्त अंगावर येतं. ओढणीची वेणी थंड पाण्यात भिजवून दिली की तासभर चघळत बसतो.

आज त्याचे फोटो काढले, आईला पाठवायला. उताणा पडलाय, चारी पाय वर, पोटावर बोराएवढा काळा ठिपका. खुशीने त्या ठिपक्याला बटण असं नाव दिलंय. बटण दाबलं की तो मागचा पाय झाडतो. दिवसातून शंभरदा दाबते.

माझी रवानगी १ ते ३ डिसेंबर यवतमाळला, ट्रेनिंगला. नेमकी लग्नाच्या तोंडावर. काकू म्हणाल्या शिक्क्याकडे आम्ही बघू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस याचं काहीतरी बिनसलंय. ओरडले तरी थांबत नाही, पाठ फिरवली तर पाठीमागून येतो. आज उजव्या अंगठ्याच्या बुडाशी धरलं ते सोडेना. बोटाने जबडा उघडावा लागला. चार दात आत गेले. साबणाने धुऊन हळद लावली.

शिवाय वेणीला तोंड लावत नाही आणि दाराची चौकट कुरतडतो. आवाजही बसलाय. दात येत असतील, नाहीतर घरातल्या गडबडीने बावरला असेल. दिवसभर माणसांची ये-जा. मलासुद्धा चावावंसं वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही.

दुपारी वर्षावहिनी आणि काकू पापडांत होत्या. खुशी माझ्या खोलीत शिक्क्याशी खेळत होती. बटण दाबायला गेली आणि त्याने तिच्या डाव्या हाताची करंगळी धरली. ती ओरडलीसुद्धा नाही. मी सांगितलं होतं ना, हात ढिला सोडायचा. पोरीने तसाच सोडला आणि माझ्याकडे पाहत राहिली. सोडवेपर्यंत दोन खोल छिद्रं पडली होती. नळाखाली धुतलं, हळद भरली, बोट दाबून धरलं. रक्त लगेच थांबलं.

मग मी तिला म्हटलं की आईला सांगितलं तर शिक्क्याला परत तांड्यावर सोडतील. खोटं नव्हतं. वर्षावहिनी दोनदा तसं म्हणाल्या होत्या. खुशीने गळ्याला चिमटा धरून शपथ घेतली, कोणालाच नाही सांगणार. वर मलाच विचारलं, तुमी बी नाही ना सांगणार? मी पण चिमटा धरला.

संध्याकाळी वहिनींनी बोट पाहिलं. पोरगी म्हणाली, तारेनं लागलं. इतक्या सहज की मलाच कसंतरी झालं. उद्या पहाटे यवतमाळ. आल्यावर याला नीट वळण लावते.

३ डिसेंबर, बुधवार

परत आले तर अंगणात मांडव, दीपाच्या अंगाला हळद, दारात आंब्याचे डहाळे. सगळ्यांचे चेहरे पिवळे. मी बॅगही न ठेवता शिक्क्याकडे गेले. गोठ्याच्या खांबाला बांधलेला होता. मला पाहून शेपूट हलवली, जवळ आला, हात हुंगला आणि चाटला. मी मुद्दाम बोट तोंडाशी नेलं. चाटलं. चावला नाही!

तीन दिवसांत एवढा फरक? काकूंना विचारलं काय केलंत. त्या दळणाकडे वळून म्हणाल्या, शायना झाला. घनश्यामभाऊ होते तिथून उठून गेले.

एकच गोष्ट. त्याच्या डाव्या कानाची जखम ओली आहे. महिन्यापूर्वी भरलेली जखम, तिला आज ताजी खपली. काकू म्हणाल्या, मांडवाच्या तारेला घासला. असेल.

७ डिसेंबर, रविवार

लग्न थाटात झालं. मी वऱ्हाडात अशी मिसळले की नवऱ्याकडच्या एका मावशीने मला स्थळ सुचवलं. दीपा सासरी गेली, घर एकदम रिकामं झालं.

शिक्का अजूनही चावत नाही. मैत्रिणीला मी छाती फुगवून सांगितलं की सातत्य ठेवलं तर महिन्यात पिल्लू वळणावर येतं. पण लिहिताना खरं लिहावं. मला तो पूर्वीचा दंगेखोर आवडत होता. हा गरीब आहे. शिक्का म्हणून हाक मारली तर मान वर करत नाही. यू-यू केलं की येतो. वेणी पुढे टाकली तर ती कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नसल्यासारखा बघतो.

खुशी त्याच्याशी खेळत नाही. विचारलं तर कंटाळा आला म्हणते. बोट मात्र छान भरलंय, गुलाबी कातडी आली आहे. मी रोज चोरून बघते.

१४ डिसेंबर, रविवार

काकू माझ्याशी जरा जास्तच गोड वागतायत. रोज काहीतरी आणून देतात, आज ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, काल तुपाची वाटी. आणि मी पिल्लाबद्दल काही बोलले की त्यांना चुलीवर काहीतरी आठवतं.

खुशी त्याला शिक्का म्हणत नाही. गेले दहा दिवस मी कान देऊन ऐकतेय. ‘हा’ म्हणते. ह्याला भूक लागली, ह्याला बांधा.

शेताकडे गेले होते. तुरीच्या बांधाला ताजी माती ओढलेली दिसली, हातभर लांब. कडेला जाड्या मिठाचे खडे. मी तिथे उभी आहे हे पाहून भाऊ वेचणी सोडून आले. म्हणाले, लिंबू लावायचं हाय. लिंबाच्या खड्ड्यात मीठ कोण टाकतं? शेतकऱ्याच्या घरात मीही वाढले आहे.

मला वाटतं यांनी माझ्या शिक्क्याला मारहाण केली. इतकी की तो भेदरून गप्प झाला. मांडवाच्या गडबडीत कोणाला तरी चावला असेल.

२२ डिसेंबर, सोमवार

मोबाइलमधला २१ नोव्हेंबरचा फोटो काढला आणि याला उताणा केला. पोटावर ठिपका नाही. बटण नाही.

भाऊंना दाखवलं. फोटो पाहून म्हणाले, वाढत्या पिल्लाचे रंग बदलतात. केसांचे बदलतात. पोटाच्या कातडीचे?

मग खुशीला गाठलं. सरळ विचारलं, हा शिक्का आहे का? ती हात सोडवून घ्यायला लागली. शेवटी एवढंच म्हणाली, “आजीनं सांगू नको म्हटलं.”

म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. आणि ही पोरगी शब्दाची इतकी पक्की आहे की माझंही गुपित हिच्या पोटात आणि यांचंही.

२४ डिसेंबर, बुधवार

वर्षावहिनी खुशीला घेऊन माहेरी गेल्या, केळापूरकडे. आईचं ऑपरेशन आहे म्हणे. संक्रांतीपर्यंत येणार नाहीत. मी परवा खुशीला विचारते काय आणि आज तिला हलवतात काय.

माझा शिक्का कुठे आहे? विकला? कोणाला देऊन टाकला? बांधावरची ती माती. मला विचार करायचा नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खाज. जखम भरून तीन आठवडे झाले, वर काही दिसत नाही, पण आत मुंग्या फिरतात. शिक्के मारून हात अवघडला असेल. टपाल वाढलंय.

काकूंनी दूध दिलं. वास वेगळा वाटला. ओतून दिलं.

२ जानेवारी, शुक्रवार

मुंग्या कोपरापर्यंत. अंगात कणकण. झोप नाही. भांड्याचा आवाज झाला तरी दचकते. ऑफिसात एका म्हाताऱ्यावर विनाकारण खेकसले, नंतर रडू आलं.

हे दोघं माझ्या पाठीमागे काहीतरी बोलतात. मी गेले की थांबतात. आईला फोन करावा. काय सांगू? पिल्लू बदललं म्हणून?

५ जानेवारी, सोमवार

रामीबाई आली होती, नातवाच्या आधारला मोबाइल नंबर जोडायला. काम झालं, उठली, दारात थांबून म्हणाली, “दुसरं तरी बरं हाय ना जी मॅडम? पयलं त फेस काढून मेलं म्हने.”

मी शटर ओढलं आणि थेट स्वयंपाकघरात गेले. काकूंनी माझा चेहरा पाहिला आणि हातातली परात ठेवली. मग सगळं सांगितलं. मी गेले त्याच दिवशी मांडव टाकला. शिक्का मांडवाच्या खांबांना चावत सुटला. त्याला गोठ्यात बांधलं. पाणी ठेवलं तर पिईना, तोंडाला फेस, मागचे पाय लुळे. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. भाऊंना वाटलं गोठ्यातला फवारणीचा पंप चाटला. इथे औषधाने असंच होतं, जनावरांनाही, माणसांनाही. मीठ घालून बांधाला पुरला. त्याच दुपारी घनश्यामभाऊ तांड्यावर जाऊन त्याच्यासारखंच दिसणारं त्याचं भावंड घेऊन आले आणि बकऱ्यांना खूण करतात त्या कात्रीने त्याचा कान कापला.

मी विचारलं, का? का केलंत हे? काकू रडायला लागल्या. म्हणाल्या, “मांडव टाकल्यावर आमी मेल्याचं नाव काढत नाही व माय. पोरीले हळद लागली होती. तू मांडवात रडली असती, अपशकुन झाला असता. मंग सांगाची हिंमतच नाही झाली.”

मी म्हटलं तो मला चावला होता, काकू. किती वेळा चावला होता.

त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. डोळे पुसून त्यांनी मलाच धीर दिला. “पण तू त साती विहिरी पाह्यल्या होत्या ना.”

त्या खरंच निर्धास्त होत्या. मी खूप बोलले, नको नको ते बोलले, भाऊंना खुनी म्हटलं. आणि एवढं बोलून एक गोष्ट बोलले नाही. खुशीची करंगळी. तोंडाशी आली होती. पण लपवल्याबद्दल मी त्यांना फाडून खात असताना ते कसं सांगायचं? उद्या सांगते. आधी आर्णी.

६ जानेवारी, मंगळवार

भाऊंच्या मोटारसायकलवर गेले. तोंडावर वारं लागलं की घसा आवळतो. तीनदा गाडी थांबवली. ओढणी गुंडाळली तोंडाला.

डॉक्टर चांगले होते. पहिल्यांदा भराभर लिहीत होते. मुंग्यांचं सांगितलं तेव्हा पेन थांबलं. कधीपासून, विचारलं. मग पाण्याचा ग्लास पुढे केला. मी हात लांबवला आणि—नाही झालं. पोटातून उबळ आली. डॉक्टरांनी ग्लास हळूच काढून घेतला. त्यांच्या नजरेवरून मला कळलं.

मग विचारलं, त्या पिल्लाने आणखी कोणाला चावलंय का?

घनश्यामभाऊ माझ्या बाजूलाच उभे होते. माझी बॅग त्यांच्या हातात. मी नाही म्हणाले.

नाही म्हणाले मी. कोणी विचारेल तर काय सांगू, का म्हणाले? भीती वाटली. भाऊ काय म्हणतील याची. मरायला टेकलेल्या बाईला लाज वाटली.

लगेच गाडी करून यवतमाळला पाठवलं.

७ जानेवारी

वेगळी खोली. खिडक्या बंद, पंखा काढलेला. आई निघाली आहे, उद्या रात्री पोचेल. काकू जवळ आहेत, हात सोडत नाहीत. परवा त्यांना विष घालणारी म्हणत होते. आजही मधूनच वाटतं—नाही. हे आजारपण आहे. काकू चांगल्या आहेत.

सांगायचा प्रयत्न केला. खु म्हटलं की घसा—लाळ गिळता येत नाही. त्यांना वाटलं खुर्ची हवी. आणून दिली.

नर्सला खूण केली. तिने सुई दिली. झोप.

८

डोकं आता साफ आहे. किती वेळ राहील माहीत नाही. काकू अक्षर लावून लावून वाचतात म्हणून मोठं लिहिते.

काकू हे वाचा. भाऊंना दाखवा. डॉक्टरांना दाखवा

खुशीला पण चावलाय. शिक्का. पहिला. ३० तारखेला. डावी करंगळी. तार नव्हती ती

मी लपवलं. मला काय म्हणायचं ते नंतर—आज केळापूरला माणूस पाठवा. फोन करा. सुया, आजच. तिला अजून काही होत नाही ना, म्हणजे वेळ आहे. मला मुंग्या आल्या मग उशीर—तिला येण्याआधी

विहिरी नको काकू. विहिरी नको. दवाखाना

कोणीतरी दार उघडलं वारं—

थांबा

ती कबूल करणार नाही. विचाराल तर नाहीच म्हणेल. मी शपथ घातली आहे, गळ्याची. ती मोडत नाही काकू, तुमची मोडली का? तशीच माझी. मारलं तरी नाही सांगणार. म्हणून तिला विचारूच नका, आधी सुई. तिच्या नाही म्हणण्यावर तुम्ही—